दही सांडलं तो दिवस

जर्मनीत एकटी राहते, भीती नाय वाटत का, हे मला सगळेच विचारतात. अगं, माझं मनगट कुणी धरलं असंल तर ते गावी पिशोरात, आमच्याच ओसरीवर!

तिकडं नर्सची नोकरी लागली तशी मी संभाजीनगरात स्वसंरक्षणाचा क्लास लावला. मॅडमनी एकच गोष्ट घोटून घेतली. कुणी मनगट धरलं तर ओढाताण करायची नाय, त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं हात फिरवायचा अन् जोरात ओरडायचं.

निघायच्या दिवशी आईनं माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली, तेवढ्यात काकांनी मनगट पकडलं.

"परदेशात बाईमाणसाला लई धोका. आधी लग्न कर, मग कुठं बी जा."

"काका, सोडा."

"नाय सोडत. काय करशील?"

हात आपोआप फिरला. "सोड!" अशी ओरडले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. दही सगळं काकांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर.

"चुलत्यावर ओरडती?"

"आधी नीटच सांगितलं होतं, काका."

आईनं वाटीतलं उरलेलं दही माझ्या हातावर ठेवलं.

"खा," ती म्हणाली, "अन् जीप यायच्या आत ते अंगठ्याचं मला बी दाखव."