फेसाची वाट

ज्वारीची बिअर घरी करणं हे आम्हा दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांत मोठं गंभीर, वाडवडिलांपासून चालत आलेलं काम आहे. त्याबद्दलचा सल्ला मात्र सरकारी दवाखान्यात, रक्तदाबाच्या रांगेत मिळतो. माझ्यापुढे एक म्हातारा होता आणि त्याच्यापुढे एक बाई. तो तिला सिसी, म्हणजे ताई, म्हणत होता आणि ती त्याला ताता, म्हणजे बाबा.

"सिसी, माझ्या बिअरला फेसच येईना."

"पहिल्यांदाच करताय का, ताता?"

"बायको करायची. शनिवारी अंगणात बसायला जागा नसायची. ती गेल्यापासून कुत्रंसुद्धा फिरकत नाही."

"मोडाचं पीठ कधी घातलंत?"

"रविवारी. घट्ट झाकण लावलं, वर तिचं ब्लँकेट गुंडाळलं. आज सकाळी उघडलं."

"आज बुधवार! अहो, फेस येऊन गेलासुद्धा. आजच गाळा आणि आजच पाजा, उद्या तोंडात धरवणार नाही. किती आहे?"

"वीस लिटर."

"आणि माणसं?"

"फेस आला की बोलावणार होतो."

"धन्य आहे तुमची! आता वाटेत भेटेल त्याला बोलवा."

"मग तूच ये ना, सिसी. पुलापलीकडे, निळं दार."

"मी पीत नाही, ताता. बारा वर्षं झाली, चर्चला जाते, तिथे हे चालत नाही."