सोनिवलीच्या तळ्यातला बांबू

कुळगावच्या रिक्षाच्या रांगेत श्रद्धाच्या पुढे उभ्या असलेल्या बाईंच्या हातात वीतभर बांबूचा तुकडा होता. त्यावरचा बुळबुळीत थर वरच्या टोकाला हिरवा होता आणि खाली काळा. शेजारी त्यांचा मुलगा उभा होता. दोघं अनोळखी होते, पण त्यांचं बोलणं श्रद्धाला स्पष्ट ऐकू येत होतं.

"आई, टाक ना तो. वास मारतोय."

"तूच रोवलेस ना हे बांबू आपल्या माशांच्या तळ्यात? बांबूंवर शेवाळ धरेल, मासे ते खातील, पाणी साफ राहील, म्हणालास."

"मग राहिलं ना दोन वर्षं!"

"तेव्हा बोअरचं पाणी होतं. ते आटलं, आणि तू नाल्याला पाइप लावलास."

"वाटलं, बांबू खेचतील सगळं."

"माशांची घाण खेचतात रे ते. नाल्यातलं कंपन्यांचं पाणी पचवायला बांबू आहेत का देव?"

"मासे जिवंत आहेत ना पण? उद्या मासे न्यायला उल्हासनगरच्या शेठची गाडी येतेय."

"सुजित, गणपतीपासून आपल्या घरात तळ्यातला मासा शिजला नाही. तू बाजारातून आणतोस. मी विचारलं नाही, तू बोलला नाहीस. तुझी लेक रिद्धी तळ्यातला मागते तेव्हा काय सांगतोस?"

"काटे फार असतात, म्हणून सांगतो."

"आणि लोकांच्या पोरींना?"

रिक्षा आली. तो चढला नाही. त्याने फोन लावला.

"शेठ, गाडी पाठवू नका. नाही, परवाही नको. ते मासे मी विकणार नाही. तळं बुजवतोय."