पट्ट्यांना टांगलेला पेन्शनर

माझा व्यायाम पहिल्याच दिवशी बंद पडणार होता, ऐका. पस्तीस वर्षं कारकुनी करून कमावलेलं पोट उतरवायला मी राजधानीतल्या द्वारकेच्या आमच्या सोसायटीतल्या जिममध्ये गेलो. तिथे छताला दोन पट्टे टांगलेत. ते धरून मागे रेलायचं आणि हातांच्या जोरावर उठायचं. बायको पहाऱ्याला बाकावर बसली होती. "पडलात, तर उद्यापासून घरी," तिनं बजावलं.

मी रेललो. ट्रेनर म्हणाला, "अंकल, होल्ड!" आणि फोन घेऊन बाहेर गेला. बऱ्याच वेळानं परतला, तर मी तसाच, घामानं निथळत.

"कमाल है अंकल! अब तक होल्ड?"

"बेटा, सरकारी नौकरी की है. अगले आदेश तक वहीं रहते हैं."

बायको म्हणाली, "बेटा, इनसे उठा ही नहीं जा रहा था."