नाव नंतर कळवू

शेफील्डच्या कानाच्या दवाखान्यात रोवेना बाळाला खांद्यावर थोपटत बसली होती. ते नुकतं कुठे डोळे मिटत होतं, आणि मागच्या बाकावरचे दोन म्हातारे गप्पा मारत होते, म्हणजे ओरडतच होते.

"सेल्विन, डग्लसचा फोन आला होता!"

"कोण गेला?"

"गेला नाही रे, डग्लस! आपला गायक. जुना मोठा बँड परत उभा करतोय. मला म्हणाला, ड्रम वाजवायला ये."

"आणि आपला बँड, विल्फ?"

"आपला कसला! त्याचा घसा बसला म्हणून दोन आठवड्यांपुरता काढलेला जोडधंदा."

"घसा बसला, मग तो रुसून बसला, आणि आपण तीस वर्षं वाजवत बसलो!"

"साधं नावसुद्धा ठेवलं नाही, लेका. पोस्टरवर अजून 'नाव नंतर कळवू' छापतात."

"लोकांना तेच नाव वाटतं! शनिवारी पबमध्ये एक बाई म्हणाली, मी 'नाव नंतर कळवू'ची जुनी चाहती."

बाळ चुळबुळलं. रोवेनाने त्याच्या कानावर हात ठेवला.

"मग, जाणार तू?" सेल्विनने हे अगदी हळू विचारलं, तरी विल्फला ऐकू गेलं.

"त्याला म्हटलं, शनिवारी आमचं वाजवणं असतं. मंगळवारी येईन, जोडधंदा म्हणून."

"भडकला असेल!"

"खूप. मग हळूच विचारतो, तुमच्यात गायकाची जागा आहे का?"

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, नंतर कळवू."