दुसरं पातं

काका : कपाटातलं सगळं घेतलंस ना? चष्म्याचं घर, डबा, तो भोकाभोकांचा स्वेटर?

लेक : घेतलं. काका, वरच्या फळीवर तेलकट फडक्यात काहीतरी बांधलेलं आहे. तेही बाबांचंच ना?

काका : ते राहू दे.

लेक : बाबांचं नाही?

काका : त्याचंच आहे. पण अर्धवट आहे. राहू दे म्हटलं ना.

लेक : ही तर कात्रीची पाती आहेत. एक उघडं, एक कागदात. आईसाठी करत होते?

काका : तुला बोलला होता?

लेक : नुसतं बोलायचे. आईची कात्री धार लावून लावून सुरीएवढी राहिली होती. म्हणायचे, हिला आता पेन्शन देऊन टाकू. मला वाटलं, थट्टा करतायत.

काका : त्या सुट्टीच्या दिवशी तो त्यासाठीच आला होता. मला म्हणाला, तू येऊ नकोस, घरचं काम आहे, मालकाच्या वेळात करायचं नाही. तो गेलेला सापडला, तेव्हा वॉचमनने हे फडकं माझ्या हातात दिलं. मी तसंच वर ठेवलं. पुन्हा सोडून बघितलं नाही.

लेक : मग मी नेते. जसं आहे तसंच. काचेच्या कपाटात ठेवीन.

काका : कागदातलं ने. उघडं नेऊ नकोस.

लेक : का?

काका : ही कानस घे. ओढ पात्यावरून. जोर लाव, मोडत नाही.

लेक : घसरतेय. काचेवर ओढल्यासारखी.

काका : लागली का तरी? नाही ना. याला पाणी दिलंय, टेंपर केलेलं नाही. टेंपर झालेला माल तो कागदात गुंडाळायचा, राहिलेला उघडा ठेवायचा. आयुष्यभराची खोड.

लेक : पाणी म्हणजे लालबुंद तापवून तेलात बुडवायचं. तेलात बुडवलं तरी तुम्ही त्याला पाणीच म्हणता. लहानपणी मला हसू यायचं.

काका : हं. मग टेंपर म्हणजे काय, तेही सांगितलं असेल.

लेक : बाबा म्हणायचे, पोलादाला आधी राग आणायचा आणि मग तो बेताबेतानं उतरवायचा. सगळा उतरवायचा नाही. कामापुरता ठेवायचा.

काका : मग याचा राग उतरवायचा राहिलाय. काचेसारखं झालंय ते. हातातून पडलं तर दोन तुकडे. आणि नाही पडलं तरी भरवसा नाही, आतून ओढ असते त्याला. इथेच असं एक हत्यार कुणी हात न लावता फळीवर तडकलं होतं. टक्क आवाज आला. आम्ही उंदीर शोधत बसलो.

लेक : म्हणजे माझ्या कपाटात एक दिवस...

काका : आज नाही तर उद्या. कदाचित कधीच नाही. पण तू रोज उठून बघशील, ते मला नको आहे.

लेक : मग तुम्ही टेंपर करा ना. भट्टी आहे, तुम्ही आहात.

काका : ज्यानं पाणी दिलं त्यानंच टेंपर करायचं. दुसऱ्यानं त्याच्या मालाला हात लावायचा नाही. हे आमच्या भट्टीवर पहिल्यापासून आहे. त्यानं किती तापवलं, कधी बुडवलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. एकदा मी पाणी देऊन घरी गेलो आणि मला सणकून ताप भरला. दुसरा कुणी असता तर माझा माल उरकून मोकळा झाला असता. तुझा बाप रिक्षा घेऊन दारात! मला चादरीसकट उचलून आणला, खुर्चीत बसवला, म्हणाला, हात माझा, डोळे तुझे. कधी थांबू ते तू सांगायचंस.

लेक : आणि सांगितलंत?

काका : दात वाजत होते, पण सांगितलं.

लेक : आता कुणाला आणून खुर्चीत बसवायचं, काका?

काका : म्हणून तर पडून आहे ते.

लेक : एक विचारू? कागदातलं पातं त्यांनी स्वतः पुरं केलंय. त्यावर टेंपरचा रंग असेलच. तुम्ही दुसरंही त्याच रंगावर थांबवा. मग त्यांनीच सांगितल्यासारखं होईल.

काका : डोकं बापाचंच आहे. आण बघू. सोड तो कागद.

लेक : किती सुंदर आहे!

काका : काय?

लेक : रंग. निळा. मोराच्या मानेसारखा.

काका : निळा कसा असेल? खिडकीत धर. उजेडात.

लेक : निळाच आहे, काका. मुठीपासून टोकापर्यंत एकसारखा.

काका : हे त्याचं नाही.

लेक : असं काय करता? फडकं त्यांचं, कागद त्यांचा...

काका : त्याचं नाही म्हणतो ना! कुणीतरी हात लावलाय. अगं, कात्री कुणी निळ्यावर थांबवतं का? चकचकीत पातं गरम वाळूवर ठेवलं की रंग चढत जातो. आधी वाळल्या गवताचा, मग मधाचा, मग तपकिरी. तपकिरी दिसला की उचलायचं, विझवायचं. तिथं कात्री होते. पुढे गेलं की जांभळा, मग निळा. निळ्यावर स्प्रिंगा होतात. हे नरम पडलंय. चार दिवसांत धार जाईल. तुझा बाप बायकोला असली कात्री देईल?

लेक : पोलादच वेगळं असेल तर? त्याला निळाच लागत असेल.

काका : दे इकडे. ग्राइंडरला मुठीकडची कड लावू, तिथं बिघडत नाही. डोळे सांभाळ. बघ, ठिणगी कशी जाते.

लेक : झाडासारखी. फांद्या फुटतायत, टोकाला चांदण्या.

काका : आता उघडं पातं. तीच ठिणगी, तेच झाड. साधं कार्बनचं पोलाद. शंभरात जेमतेम एक भाग कार्बन, बाकी लोखंड. क्रोम असतं तर अशा चांदण्या फुटल्या नसत्या, रंगही उशिरा चढला असता. दोन्ही पाती एकाच पट्टीची आहेत. तपकिरीवरच थांबायला हवं होतं.

लेक : मग रंग पळाला.

काका : त्याच्या हातून रंग पळत नाही. पोरांना ओरडायचा तो त्यावरून. वाळूपुढे उभा राहिला की बोलायचा नाही, शिंकायचासुद्धा नाही.

लेक : काका, तपकिरीपासून निळ्यापर्यंत किती वेळ जातो?

काका : पातळ पातं आहे. फार नाही जात.

लेक : तरी? माणूस खाली बसेल एवढा?

काका : एवढा जातो. वॉचमनला तो स्टुलावरच बसलेला सापडला.

लेक : स्टूल कुठे होतं?

काका : तिथं. भिंतीपाशी. तिथून वाळूवरचं दिसत नाही.

लेक : म्हणजे तपकिरी रंग आला तेव्हा ते त्या स्टुलावर होते.

काका : छातीत आलं असेल. बसला असेल. देवा.

लेक : आणि मग उठले. उठले नसते तर पातं वाळूवरच राहिलं असतं.

काका : राखाडी झालं असतं. हो. उठला तो. पातं उचललं, विझवलं. दिसलं असणार त्याला, निळं झालंय ते. तरी पुसून कागदात गुंडाळलं. दुसरं घेतलं नाही. बर्नर बंद केला, सिलिंडरची चावीसुद्धा फिरवली. वॉचमन म्हणत होता, सगळं जागच्या जागी होतं, म्हणून मला आधी वाटलं साहेबांना झोप लागलीय.

लेक : मग परत जाऊन बसले.

काका : फोन तर खिशात होता त्याच्या. आधी फोन करायचा की आधी गॅस?

लेक : बाबांना विचारलं असतं तर म्हणाले असते, आधी गॅस.

काका : ऐक माझं. दोन्ही पाती मी पुन्हा लाल करतो. नव्यानं पाणी देतो, नव्यानं टेंपर करतो. नियम गेला खड्ड्यात. असलं निळं पातं त्याच्या नावावर राहायला नको. कुणी बघितलं तर म्हणेल, म्हाताऱ्याची नजर गेली होती.

लेक : नको.

काका : वाकडं नाही होऊ देणार मी.

लेक : तुमच्यावर भरवसा आहे, काका. पण पुन्हा लाल केलं की हा निळा जाईल ना?

काका : जाणारच. रंग काय, वरची साय असते. नुसत्या पॉलिशनंही जातो.

लेक : वरचा गेला तरी पातं आतून निळ्यावरचंच राहील. तेवढं राहू दे. ते बसले होते, तो वेळ आहे त्यात. आमच्यापैकी तिथं कुणी नव्हतं.

आई : कुणी नव्हतं म्हणजे कुठं? मघापासून बाहेरच्या बाकावर बसून माझ्या पाठीचं धनुष्य झालं. एक कपाट रिकामं करायला किती वेळ?

काका : या, वहिनी. झालंच होतं.

आई : भावजी, तुम्ही मागे काय लपवलंत? खोटं तुम्हाला ह्यांच्याइतकंही जमत नाही.

लेक : दाखवा तिला. कात्री आहे, आई. बाबा तुझ्यासाठी करत होते. एक पातं झालंय. एक व्हायचंय.

आई : पेन्शन, पेन्शन म्हणून चिडवायचे, ते खरंच होतं तर. आण इकडे. हा असा रंग का?

लेक : आई, तू आधी बस.

आई : बसून बसूनच आले. ऐकलंय मी दारातून. त्या झाडाच्या ठिणगीपासून उभी आहे तिथं. मला एवढंच सांगा, भावजी, एक पातं कडक आणि एक नरम असलं तर काय होतं?

काका : कडक पातं नरमाला खातं. कापड चावायला लागते कात्री.

आई : मग दोन्ही सारखी हवीत. दुसरंही निळं करा.

काका : वहिनी, धार टिकणार नाही हो. दर आठवड्याला लावावी लागेल.

आई : लावीन. आजवर ह्यांनी लावून दिली, आता मी लावीन. लोकांची कापडं तशीच पडलीत घरात. जुनी कात्री हातात घेतली की नको वाटतं. ही घेईन.

काका : पण चूक आहे हे, कळतंय ना तुम्हाला? मुद्दाम चूक करायची?

आई : त्यांची एकट्याची कशाला राहू दे?

काका : बरं. पण मी कधी थांबायचं ते मी ठरवणार नाही. हात माझा. डोळे तुमचे.

आई : शिवणवाली आहे मी. गिऱ्हाईक निळा म्हणून कापड आणतं आणि मी त्यातले दहा निळे वेगळे काढून त्याच्यापुढे दोऱ्याची रिळं ठेवते. रंगाचं मला सांगू नका. हेच का ते स्टूल?

काका : हेच. दुसरं आणू?

आई : हेच सरकवा पुढं. वाळू दिसेल असं.

(काका उघडं पातं घासून लखलखीत करतात आणि बर्नर पेटवतात. पहिलं पातं आईच्या मांडीवर आहे. लेक तिच्या मागं, खांद्याला हात न लावता उभी.)

काका : ठेवलं. बघत राहा.

आई : पांढरंच आहे अजून. मी कांदा परतायला घेतला की हे असेच मागे येऊन उभे राहायचे. आता काढ, आता काढ, रंग पळेल. म्हटलं, कांदा आहे तो, कात्री नाही. आलं. कडेला आलं बघा.

लेक : गवती.

आई : आता मध.

काका : चढतोय भराभर. वहिनी, तपकिरी झाला. इथं उचलायचं असतं.

आई : माहीत आहे.

काका : हात शिवशिवतोय माझा.

आई : राहू दे. आत्ता बसलेत ते.

लेक : आई...

आई : गप. बसलेत अजून.

काका : जांभळा.

आई : दिसतोय मला. उठवेना त्यांना. थांबा. अजून थांबा. हं. उठले. काढा, भावजी, काढा!

काका : काढलं. विझवलं. द्या ते पहिलं, शेजारी धरतो. बघ गं, काही फरक दिसतो का.

लेक : नाही. कुठलं कुणाचं ते कळत नाही.

काका : मलाही कळत नाही. कागद आण, गुंडाळून देतो. उद्या खिळा बसवीन.

लेक : आई, ऊठ. चल घरी.

आई : गॅस बंद केलात ना, भावजी? सिलिंडरचाही?

काका : केला, वहिनी.

आई : मग बसते जरा.