भिंतीपलीकडची कुस्ती

ते विदेशी कुस्तीचं ॲप घ्यावं का, म्हणून तू विचारून राहिला ना? आधी माझं ऐक, मग पैसे भर.

आमगावच्या आमच्या घराची वाटणी झाली, तुले माहीत आहे. मधात भिंत उभी राहिली. माय सकाळी माझ्याकडं जेवते, रात्री दादाकडं. आम्ही दोघं भाऊ बोलत नाही. पण त्या कुस्तीचं वेड लहानपणापासून दोघांलेही, म्हणून ॲपही दोघांनी वेगवेगळं घेतलं.

सकाळी लाईव्ह लागते. दादाचं नेट माझ्यापेक्षा फास्ट. इकडं माझा पहिलवान आत्ता कुठं रिंगणात उतरते, अन् तिकडून दादा बोंबलते, "पडला रे पडला!" म्हणजे पैसे मी भरायचे अन् निकाल भिंतीतून ऐकायचा.

परवा डोकंच सटकलं. मायले म्हटलं, "जा, त्याले सांग, आवाज कमी कर."

माय जेवता जेवता उठून गेली अन् परत आली. "तो म्हणते, तूच कानात बोळे घाल."

मग माझ्या बाजूले ताट घेऊन बसली अन् पाहत राहिली. "एवढं मारते एकमेकाले. खरंच भांडते का रे हे?"

"नाही माय, नाटक असते. सारं आधीच ठरलेलं. खेळ संपला का एकाच गाडीत बसून जाते, संगच जेवते."

"संगच जेवते?"

"हो."

मायनं ताट बाजूले सरकवलं.

"मंग खोटी कुस्ती पाहायले कायले पैसे भरता रे दोघं? खरी त मी रोज फुकट पाहून राहिली."