दसऱ्याला बसवू

“मालकानं काम काढलं की भाडेकरूनं ‘कधी संपणार’ असं विचारायचं नाही” — हे मी नाही म्हणत, ताई, हे आमचे अण्णा म्हणतात, माझे वडील, आणि आई शेजारी बसून मान हलवते, मी सातवीत असल्यापासून हेच ऐकतेय — आणि तुम्ही आल्या आल्या नेमकं तेच विचारलंत. बरं केलंत. बसा ना. खुर्ची आत अडकलीय, त्या खोक्यावर बसा, मजबूत आहे — त्यात काय आहे सांगू? संडासाचं भांडं. नवंकोरं, पांढरंशुभ्र. अकरा दिवस झाले, इथंच ओसरीवर आहे. आई त्याच्यावर ताट ठेवून तांदूळ निवडते. मी म्हणलं, अगं असं नको करू, तर म्हणते, अजून वापरलंय कुठं कुणी. बघा म्हणजे.

तर आमच्या मालकांनी, झुंबरतात्यांनी, तुम्हाला शेजारची खोली दाखवली. ओटा दाखवला, नळ सोडून दाखवला, खिडकीतून ऊस दाखवला असेल. आणि संडासाचं म्हणाले असतील, “काम चालू हाय, आठवड्यात हुतंय.” म्हणाले ना? मला पाठ आहे ते. काम चालू नाही, ताई. काम फोडून ठेवलंय. दोन्हींत फरक आहे, आणि तो फरक बघायला तुम्हाला लांब जायला नको — त्या शेवग्याच्या झाडाखाली ज्या तीन भिंती उभ्या आहेत ना, दार नसलेल्या, तो आमच्या तिन्ही खोल्यांचा संडास. होता. भांड्याला तडा गेलेला, पाणी खाली उतरायचं नाही, वर यायचं — काय काय वर यायचं ते आता सांगत नाही, तुम्ही प्रवासातून आलाय. तर अर्ज मीच लिहिला. हो, अर्ज. तात्यांना तोंडी सांगितलं की ते हसतात, “पोरगी बी.एस्सी. झालीय, वास लगेच येतोय तिला” असं म्हणतात. म्हणून कागदावर लिहून दिलं — काम कधी काढणार, किती दिवस चालणार, आणि तोवर आम्ही कुठं जायचं. तीन साधे प्रश्न. उत्तर काही आलं नाही, गवंडी आला.

माझा मामा वालचंदनगरला क्वार्टरमध्ये राहायचा. लहानपणी सुट्टीला जायचो आम्ही. तिथं काम निघायचं तर माणूस आधी येऊन सांगून जायचा, की बुधवारी तुमच्याकडं फोडतोय, तोवर पलीकडच्या लाइनीतला वापरा. मला वाटायचं सगळीकडं असंच असतं. कसलं काय. इथं अनंत चतुर्दशीला सकाळी बादशाहभाई गवंडी घण घेऊन दारात. गणपतीची मिरवणूक निघायच्या आत भांडं फुटलं, फरशी निघाली, पाइप कापला. चांगला माणूस आहे तो, कामाला पक्का — म्हणाला, उद्या भांडं बसवतो, परवा फरशी, चार दिवसांत वापरायला घ्या. तेवढ्यात तात्या आले आणि म्हणाले, उद्या पुनव, पंधरवडा लागतोय, पितरांच्या दिवसांत नवीन काही बसवायचं न्हाय. बादशाहभाई डोक्याला हात लावून उभा. म्हणाला, तात्या, मग आज फोडायला कशाला लावलं? तर तात्या काय म्हणाले असतील — “फोडायला चालतंय.”

फोडायला चालतं. बसवायला चालत नाही. आणि आमचे अण्णा तिथंच उभे होते, ताई, आणि अण्णांनी मान हलवली. हो, बरोबर आहे, म्हणाले, रीत आहे ती. अहो, रीत तुमची, आणि जायचं कुठं आम्ही? मी तिथल्या तिथं विचारलं. तर मग पंधरवडा संपला की लगेच घटस्थापनेला बसवू, असं ठरलं. ते ऐकून द्वारकाबाई, तात्यांची बायको, घरातून ओरडली — घट बसायच्या दिवशी संडासाचं भांडं बसवता व्हय, देवीचे नऊ दिवस हायती. झालं. मग दसरा. म्हणजे आधीचे दिवस वाईट म्हणून नाही, नंतरचे दिवस पवित्र म्हणून नाही. तुमच्यात पंधरवडा नाही, म्हणून तुम्हाला खोली दाखवायला आणि इसार घ्यायला तात्यांना आजचा दिवस चालतो, बघितलंत ना? त्याला पितर आडवे येत नाहीत.

तोवर सोय केलीय म्हणे. सोय. या, इथूनच दिसते — गोठ्याच्या मागं हिरवी शेडनेट बांधलीय ना चार बांबूंना, ढोबळी मिरचीची जुनी, ठिकठिकाणी फाटलेली. दाराला बारदान. आत खड्डा आणि दोन फळ्या. शेजारून गोठ्याचं शेणाचं पाणी वाहतं, ते कुठं संपतं आणि खड्डा कुठं सुरू होतो ते मला अजून कळलेलं नाही. माशा अशा की तोंड बांधून जावं लागतं. पहिल्या दिवशी मी नुसती बघून परत आले आणि उलटी केली. आणि वेळा — हे तर राहिलंच. पहाटे धारा काढायला माणसं असतात, संध्याकाळी धारा काढायला माणसं असतात, मधल्या वेळेत तात्यांचा मुलगा अविराज गोठ्यात मोबाइल बघत पडलेला असतो. म्हणजे बाईनं जायचं कधी? गाईंच्या वेळा सांभाळून. आम्ही दोन्ही घरच्या बायका आता गाईंची वेळ बघून जेवतो, ताई. हसू नका. बरं, हसा.

तात्यांच्या घरात संडास नाही का? दोन आहेत. एक आतल्या खोलीला लागून, एक जिन्याखाली, पाहुण्यांचा. मी विचारलं द्वारकाबाईंना, नीट, काकू म्हणून. म्हणाल्या, एरवी काही न्हाय गं, पण या दिवसांत श्राद्धाचा सैपाक असतोय, सोवळं असतं. वर म्हणाल्या, तुझ्या आईनं कधी विचारलं न्हाय. नाहीच विचारणार. आई सव्वीस वर्षं भाड्याच्या घरात काही न विचारता राहिलीय आणि त्याला ती संस्कार म्हणते.

आणि परवा काय झालं सांगते, मग मी गप्प बसते. परवा, पंधरवड्यातच, बारामतीहून टेम्पो आला आणि गोठ्याला फॉगर बसले. फवारे हो, तुषार उडतात, गाईंना उकडू नये म्हणून. नवे पाइप, नवी मोटर, नारळ फोडून. मी अण्णांना म्हणलं, आता? तर अण्णा म्हणाले, जनावराला कळतंय का पंधरवडा, उकाड्यानं दूध कमी होतं. बरोबर आहे. गाय थांबू शकत नाही. बाई थांबते.

नाही, मला नाही काही त्रास — म्हणजे आहे, पण माझं सोडा. मी तेवीस वर्षांची धडधाकट मुलगी, मी उसात जाईन. माझी बहीण आहे आत. वृषाली. लोणी भापकरला दिलीय, पहिल्या बाळंतपणाला आलीय, आठवा चालू आहे. तिला दर तासाला जावं लागतं, तुम्हाला ठाऊक असेल, तुम्हाला मुलगी आहे म्हणाले तात्या, केवढी? — तीन वर्षांची. मग तुम्हाला ठाऊकच आहे. तिला हाताला धरून मीच नेते, त्या चिखलातून, त्या फळ्यांवर. आत उभं राहून धरावं लागतं, नाहीतर पडेल. नाकाला ओढणी, एका हातात तांब्या, एका हातात ती. दिवसातून दहा वेळा. आणि काल बारामतीला दाखवायला नेलं तर डॉक्टरीणबाई सोनोग्राफी बघून म्हणाल्या, पोटातलं पाणी कमी झालंय. पाणी पीत नाही का ही? दिवसाला चार लिटर पाजा, दोन दिवसांनी परत आणा, नाही वाढलं तर वेळेआधी काढावं लागेल बाळ. आणि वृषालीनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

कारण तिला पाणी कमी पी म्हणून — मीच सांगितलं होतं. मी. अण्णांनी नाही, तात्यांनी नाही. तिसऱ्या का चौथ्या दिवशी, परत आल्यावर पाय धूत होते, चपलेला ते सगळं लागलेलं, आणि मी म्हणलं, वृषे, जरा कमी पीत जा ना, संध्याकाळी पाचनंतर तर पिऊच नको. मला किळस आली होती, ताई. तिची नाही — तिचीसुद्धा. आणि ती ऐकणारी, आईसारखी, तिनं ऐकलं. डॉक्टरीणबाईंना मी सांगितलं नाही हे. पीत नाही ती, म्हणलं, कंटाळा करते. एवढी मी बोलणारी, अर्ज लिहिणारी, आणि तिथं हे बोलले. कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हाला का सांगितलं कुणास ठाऊक, तुमचं नावसुद्धा मला तात्यांनी सांगितलं म्हणून माहीत — नौशीन ना? आजही सकाळपासून दीड तांब्या प्यायलीय ती. भरून समोर ठेवला की म्हणते, नको, परत जावं लागेल.

आले बघा. अण्णा, तात्या, मागं द्वारकाकाकू. हो तात्या, सांगतेय मॅडमना सगळं, तुम्हीच म्हणालात ना, भाडेकरूंना विचारा म्हणून — नाही अण्णा, मी आत जाणार नाही. काय सांगू म्हणताय? आठवड्यात होतंय असं? नाही सांगणार. दसरा आहे म्हणून सांगितलंय, गाईंचंही सांगितलंय. तात्या, रागवा खुशाल, पण आधी एक ऐका. वृषाली! ये बाहेर. ये, लाजू नको, त्या मॅडम आहेत, शाळेवर आल्यात नवीन. हा तांब्या घे. इथंच, सगळ्यांसमोर पी. सगळा. — तात्या, हे पाणी ती आता पिणार, आणि मग ती त्या शेडनेटमागं जाणार नाही. ती तुमच्या घरात जाणार, पुढच्या दारानं, जिन्याखालच्या संडासात. आज, उद्या, आणि ते भांडं बसेपर्यंत रोज, लागेल तितक्या वेळा. — सोवळं? काकू, सैपाकघर डावीकडं आहे, आम्ही उजवीकडं वळू. — खोली खाली करा म्हणताय? करू. ती आधी जाऊन येईल, मग करू. अण्णा, हात सोडा माझा. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते तुम्हाला माहीत आहे आणि आईलाही माहीत आहे, आणि तरी तुम्ही दोघं तिला गाईंची वेळ सांगत बसलाय. पितर रागावले तर माझ्यावर रागवू देत, माझं नाव सांगा त्यांना, सोनल म्हणून. पी गं तू. घाई नको.

आई, दारात उभी राहू नको, हा तांब्या रिकामा झाला की परत भरून ठेव.

बरं. झालं पिऊन? ताई, हिचा तो हात धरा जरा, त्यांच्या दाराची पायरी उंच आहे. द्वारकाकाकू, सरका.